पान अठ्ठ्याऐंशी

पंचनाम्यात आमची एकच ओळ आहे:
'सुटे कागद, गठ्ठा ए-सात, पाने एक ते एकशे त्रेचाळीस.'
त्या ओळीत दीड एकर खाजण आहे, बांधासकट,
त्याच्या बदल्यात मिळालेला पाचशे मीटरचा तुकडा आहे,
आणि आज्याने बैल विकल्याची पावती,
ती तिथे कुणी लावली, देव जाणे.

धाड आमच्यावर नव्हती.
धाड वाशीच्या बिल्डरवर, चौथा मजला,
जिथे मी माझ्या हाताने फाइल नेऊन दिली होती,
'टायटल बघून परवा देतो' एवढ्या शब्दावर.
परवा म्हणजे बुधवार.
मंगळवारी पहाटे खाली गाड्या लागल्या.

आयकरच्या कचेरीत कारकुनाने विचारलं,
'तुम्ही त्या बिल्डरचे कोण?'
कोणी नाही.
'मग तुमचे कागद त्याच्याकडे कसे?'
मी सगळं सांगितलं, करावे गावापासून सांगितलं.
त्याने पेनाचं टोपण काढलं नाही.

ठाण्याला कोर्ट नाक्यावर, झेरॉक्सच्या दुकानावर,
गुप्तेबाईंचं ऑफिस. तिथे चहा येतो तो गार.
'कायद्यात तीस दिवस आहेत, भोईर. तुमचे किती झाले?'
चार वर्षं.
त्यांनी पेन्सिलीने चारला गोल केला.
'कोर्टात फक्त तारखा सांगायच्या. राग करावे गावातच ठेवून या.'

ठेवला. सहा तारखांना ठेवला.
सरकारी वकिलांना सूचना घ्यायच्या होत्या.
फाइल दिल्लीला होती.
मग फाइल दिल्लीला नव्हती.
एकदा आमचा नंबर यायला दोन प्रकरणं उरली
आणि कोर्ट उठलं.
बिल्डर तोवर दंड भरून मोकळा,
उलव्यात त्याचा टॉवर अकराव्या स्लॅबला आलेला.

सातव्या तारखेला न्यायमूर्तींनी चष्मा काढला.
'त्यांची आकारणी संपली. मग यांचे कागद तुमच्याकडे कशासाठी?'
पलीकडून कुणी बोललं नाही.
दीड पानाचा आदेश झाला. दोन आठवडे.

पाचव्या आठवड्यात फोन आला.

लाखेचं सील फोडलं, धूळ उडाली,
मी उभ्यानेच मोजू लागलो,
तेव्हा त्याच कारकुनाने
स्वतःची ओल्या स्पंजची डबी माझ्याकडे सरकवली.
मी बोट भिजवलं. त्याच्याकडे बघितलं नाही.

पान अठ्ठ्याऐंशी.
खाली डावीकडे आईचा अंगठा,
त्याच्या अर्ध्यावर खात्याचा गोल शिक्का.

घरी आईने तो खिडकीशी नेला.
'यो माजा. न् यो गोल कुनाचा?'
सरकारचा, म्हटलं.
'त्यांना जागा नव्हती दुसरी?'
मग आपला अंगठा त्याच्यावर ठेवून बघितला.
हल्ली रेशनच्या मशीनवर तो उमटत नाही,
चिखल, मासळी, भांडी, सगळ्या रेघा त्यात गेल्या.
दुकानदार तीन-तीनदा पुसायला लावतो
आणि म्हणतो, आजी, तुम्ही तुम्ही नाही.
तिच्या रेघा आता एवढ्याच,
शाईच्या, त्यातल्या अर्ध्या शिक्क्याखाली.

रात्री पुन्हा मोजले.
एकशे चव्वेचाळीस.

एक पान आमचं नव्हतं.
झुलेखा इब्राहिम पटेल, तळोजे पाचनंद,
फ्लॅटचं बुकिंग, रुपये एक लाख दहा हजार, रोख मिळाले.
कुठल्या गठ्ठ्यातून ते आमच्यात आलं असेल?
ती बाई कुठल्या टेबलासमोर उभी असेल,
तिलाही कुणी विचारत असेल, तुम्ही त्याच्या कोण?
परत खात्यात द्यावं, तर ते विचाराधीन होईल.
ठेवावं, तर मी कोण झालो?

माझं नाव जिथे तिथे 'अर्जदार' लिहून आलंय,
आणि आज माझ्या कपाटात दुसऱ्याचा कागद.

'त्यांचा हाय त देऊन टाक,' आई म्हणाली, 'निजू नको त्याच्यावर.'

सकाळी प्लास्टिकच्या फोल्डरात घातलं,
तळोज्याच्या बसला सुटे पैसे घेतले.
गुप्तेबाईंना फोन केला, उगाच, सांगावंसं वाटलं म्हणून.
त्या थोडं थांबल्या.
मग म्हणाल्या, 'चांगलं करताय, भोईर.
देताना पोच घ्या.'